पाण्याखालची चाल

स्कूबा शिकून आलेला माणूस पहिली खरेदी करतो मास्कची आणि दुसरी फिनची. मास्कचं काम सोपं असतं. चेहऱ्याला लावायचा, नाकानं श्वास ओढायचा, चिकटून राहिला तर घ्यायचा. फिनच्या बाबतीत असं चटकन उरकत नाही. दुकानाच्या भिंतीवर ओळीनं जोड टांगलेले असतात. कुणाला मधोमध चीर, कुणाला भोकं, कुणाला रबरी पन्हळी. आणि विक्रेत्याच्या मते त्यातली प्रत्येक फिन दुसरीपेक्षा वेगवान असते. घेणारा मग गोंधळून विचारतो, "यातली सगळ्यात चांगली कोणती?" ही पुस्तिका लिहायला घेतली ती या प्रश्नाला उत्तर द्यायला नव्हे, तो थोडा पुढे ढकलायला. फिन ठरते पाय कसा मारता त्यावर, आणि पाय कसा मारता हे ठरतं पाण्यात शरीर कसं ठेवता त्यावर. आपण बहुतेक जण हा क्रम उलटा लावतो. आधी फिन घेतो, मग तिला जमेल तसे पाय झाडतो, आणि शरीर राहतं तसं राहू देतो.

पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट आहे. रस्त्यानं चालताना हवा आपल्याला अडवते याची आठवणही नसते. पाण्यात मात्र नुसता हात बाजूला करायचा तरी जोर लागतो. हा जोर वेगाच्या प्रमाणात सरळ वाढत नाही. वेग दुप्पट केला की पाण्याचा अडथळा चौपट होतो आणि स्नायूंना लागणारी शक्ती आठपट. म्हणूनच सिलिंडर, हवा भरायचं जॅकेट आणि वजनं अंगावर घेतलेला डायव्हर कितीही दणकट असला, तरी एका नॉटच्या, म्हणजे ताशी १.८५ किलोमीटरच्या प्रवाहाविरुद्ध फार वेळ टिकत नाही. जेवणानंतर शतपावली करणारा माणूसही याहून जोरात चालतो. फिन बदलून या हिशेबात थोडा फरक पडतो. अडथळा कमी केला तर पुष्कळ पडतो. आडवा असलेला डायव्हर पाण्यासमोर फक्त डोकं आणि खांदे धरतो. पाय खाली लोंबत असलेला डायव्हर छाती, पोट आणि मांड्या, सगळंच पुढे करून पाणी लोटत निघतो. या दुसऱ्याच्या पायांत दुकानातली सर्वांत महागडी फिन घाला, पहिलाच पुढे जाईल.

पाय खाली का लोंबतात, याचं उत्तर बहुधा कमरेच्या पट्ट्यात असतं. शिकणाऱ्याला खाली जाता यावं म्हणून दोन-तीन किलो वजन जास्त दिलेलं असतं आणि ते सगळं कमरेला असतं. त्या वजनानं कमरेखालचा भाग खाली जातो, शरीर तिरकं होतं. आता तो किक मारतो तेव्हा पाणी सरळ मागे न जाता मागे आणि खाली जातं, त्यामुळे तो पुढे जाता जाता वरही ढकलला जातो. वर चाललोय असं लक्षात आलं की तो जॅकेटातली हवा सोडतो. हवा सोडली की आणखी जड होतो. जड झाल्यामुळे पाय थांबवले की बुडतो, आणि बुडतो म्हणून पाय थांबवता येत नाहीत. आपण पोहतोय असं त्याला वाटत असतं. खरं म्हणजे पाऊण तास तो उभ्यानं जिना चढत असतो. बाहेर आल्यावर तक्रार एकच, फिन कडक होत्या, पोटऱ्या भरून आल्या.

यावर एक चाचणी आहे आणि तिला पैसे पडत नाहीत. पाण्याखाली मधल्या पातळीवर या, हात पोटाशी घ्या, आणि दहा सेकंद पाय अजिबात हलवू नका. खाली बसलात, तर तुमची फिन आजवर तुम्हाला पुढे नेण्यापेक्षा वर धरून ठेवायचं काम जास्त करत होती. उभे झालात, तर वजन चुकीच्या जागी आहे. थोडं कमरेवरून काढून सिलिंडरच्या पट्ट्यावर वरच्या बाजूला लावून पाहा. जागच्या जागी आडवे राहिलात, तर पुढची प्रकरणं तुमच्यासाठी लिहिली आहेत. न राहिलात तर पहिलं प्रकरण दोनदा वाचा.

या सगळ्याची किंमत हवेत मोजता येते. आपल्याकडे सर्रास वापरला जातो तो ॲल्युमिनियमचा सिलिंडर साधारण ११ लिटरचा असतो. २०० बार भरला आणि ५० बार राखीव ठेवले, तर हाताशी येते १,६५० लिटर हवा. शांतपणे श्वास घेणाऱ्या माणसाला पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर लागतात असं धरू. कर्नाटकातल्या नेत्राणी बेटापाशी किंवा अंदमानात २० मीटर खोलीवर दाब तिप्पट, म्हणून तिथे त्याला ६० लिटर लागतील. म्हणजे साडेसत्तावीस मिनिटं. तोच माणूस पाय झाडत, धापा टाकत मिनिटाला ३० लिटरवर गेला की त्याच खोलीवर ९० लिटर लागतात आणि डाइव्ह अठरा मिनिटांवर येते. नऊ मिनिटं पायांनी खाल्ली. बरं, नुकसान मिनिटांपुरतं थांबत नाही. खोलीवर हवा दाट झालेली असते, ती आत-बाहेर करायलाच श्रम पडतात. त्यात जोरजोरात पाय मारले की शरीरात कार्बन डायऑक्साइड साठतो, डोकं ठणकायला लागतं, हवा पुरत नाहीशी वाटते, आणि तिथून घाबरगुंडी दूर नसते. दमलेला डायव्हर पहिल्यांदा थांबला पाहिजे, हे प्रत्येक अभ्यासक्रमात शिकवतात. ज्याला बुडाल्याशिवाय थांबताच येत नाही, त्यानं काय करायचं?

आपल्याकडची आणखी एक अडचण आहे, ती परदेशी पुस्तकांत सापडणार नाही. आपल्यातले पुष्कळ जण विहिरीत किंवा नदीच्या डोहात पोहायला शिकलेले. कमरेला डबा नाहीतर वाळका भोपळा बांधून काकानं किंवा मामानं ढकललेलं असतं. असा माणूस पाण्याला भीत नाही, ही मोठी जमेची बाजू. पण त्याची मान वर असते, पाय खाली असतात आणि गुडघे सायकल मारल्यासारखे पोटाशी येत-जात असतात. डोकं पाण्याबाहेर ठेवायचं असेल तर ही पद्धत ठीकच आहे. फिन घालून तेच केलं, तर पातं पुढे जाताना जेवढं पाणी लोटतं जवळपास तेवढंच मागे येताना लोटतं, आणि माणूस जागच्या जागी घुसळत राहतो. चांगल्या पोहणाऱ्याला फिनची किक शिकवायला कधीकधी अगदी कोऱ्या माणसापेक्षा जास्त वेळ लागतो, तो यामुळे. याला भरपाई म्हणून एक फायदाही आपल्या बाजूला असावा असं मला वाटतं. जमिनीवर मांडी घालून जेवलेल्या, उकिडवं बसायची सवय असलेल्या माणसाचे खुबे आणि घोटे बाहेरच्या बाजूला सहज वळतात. पुढे ज्या फ्रॉग किकबद्दल बोलायचं आहे, तिला नेमकं हेच लागतं.

पायाला पातं बांधून पोहायची कल्पना जुनी आहे. तिच्यातली मेख सर्वांत आधी ओळखणाऱ्यांपैकी एक होता बेंजामिन फ्रँकलिन. विजेचे प्रयोग करणारा, अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारा, तोच. लहानपणी बॉस्टनमध्ये त्यानं लाकडाच्या लंबगोल फळ्या करून हातांत धरल्या आणि तशाच पायांच्या तळव्यांनाही बांधून पाहिल्या. म्हातारपणी एका फ्रेंच मित्राला लिहिलेल्या पत्रात त्यानं या प्रयोगाची हकिगत सांगितली आहे. हातांच्या फळ्यांनी वेग वाढला, पण मनगटं दुखली. पायांच्या फळ्यांवर मात्र तो खूश नव्हता. कारण त्यानं दिलं ते असं, की पोहताना पाण्याला धक्का नुसत्या तळव्यानं बसत नाही, पायाच्या आतल्या बाजूनं आणि घोट्यानंही बसतो. फ्रॉग किक शिकवताना आज प्रशिक्षक पाण्याबाहेर बसून पाय धरून जे दाखवतो ते याहून वेगळं नाही. हे त्या मुलाच्या लक्षात आलं त्याला आता तीनशे वर्षं झाली.

रबराची फिन आणली ती लुई द कॉर्लिओ या फ्रेंच नौदल अधिकाऱ्यानं. १९१४ मध्ये त्यानं सहकाऱ्यांना पहिला नमुना दाखवला, मग या एकाच वेडापायी नौदल सोडलं, आणि १९३३ मध्ये पेटंट घेतलं. म्हणजे कुस्तो आणि गान्यां यांचं पाण्याखाली श्वास घेण्याचं यंत्र १९४३ मध्ये यायच्या दहा वर्षं आधी फिन तयार होती. अमेरिकेत ती नेली ओवेन चर्चिलनं. हा लॉस एंजेलिसचा शिडाची नौका हाकणारा खेळाडू, १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवलेला. कॉर्लिओकडून परवाना घेऊन १९४० मध्ये त्यानं फिन विकायला काढल्या, तेव्हा पहिल्या वर्षी हजार जोडही खपले नाहीत. मग युद्ध आलं, शत्रूच्या किनाऱ्यावर पोहत जाऊन सुरुंग लावणाऱ्या पाणबुड्यांना फिनची गरज पडली, आणि चर्चिलचा धंदा चालायला लागला. टाच झाकणारी, बुटासारखी अख्खी फिन हीदेखील अशाच एका पाणबुड्याची देणगी. इटलीच्या नौदलातून आलेल्या लुइजी फेरारोनं १९५० च्या दशकात ती क्रेसी कंपनीसाठी घडवली.

या इतिहासातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट जेट फिनची आहे. १९६० च्या दशकात फ्रान्सच्या जॉर्ज बुशा यांनी जाड काळ्या रबराची, आखूड, रुंद आणि पात्याला आरपार झरोके असलेली फिन काढली. पुढे स्कूबाप्रो कंपनीनं ती जगभर नेली. झरोक्यांतून पाणी जोरानं बाहेर पडेल आणि डायव्हर जेट विमानासारखा सुटेल, अशी जाहिरातीची भाषा. तसं कुणी सुटलं नाही. साठ वर्षांनंतरही ही फिन विकली जाते ती वेगाच्या नावानं नाही. ती कडक आहे, जड आहे, आखूड आहे. तिनं मागे येता येतं, जागेवर वळता येतं, अरुंद जागेत पातं कुठे आपटत नाही. बनवणाऱ्यानं ज्यासाठी बनवली त्यासाठी ती उरली नाही, आणि ज्याचा त्यानं फारसा विचार केला नव्हता त्यासाठी टिकली.

हा बदल कुठे झाला? मुख्यतः फ्लोरिडाच्या गोड्या पाण्याच्या गुहांत. तिथे चुनखडीच्या बोगद्यांत तळाशी पिठासारखा बारीक गाळ साचलेला असतो. वर छत, बाहेर पडायची वाट एकच, आणि ती आलो तीच. वरखाली मारलेली एक किक तळावर बसली की काही सेकंदांत समोरचा हातही दिसेनासा होतो. अशा गुहांत उतरणारे डायव्हर शेक एक्सली यांनी १९७९ मध्ये गुहेतल्या अपघातांचा अभ्यास करून छोटंसं पुस्तक लिहिलं. गुहेच्या तोंडापासून अखंड दोरी, एक तृतीयांश हवेत आत जाणं, अशी जी शिस्त त्या पिढीनं घालून दिली, तिच्या बरोबरीनं पाय मारायची शिस्तही आली. गाळ न उडवता पुढे कसं जायचं, हा तिथे जगण्या-मरण्याचा प्रश्न होता. गुहेतली ती किक, म्हणजेच फ्रॉग किक, मग जहाजांच्या सांगाड्यांत गेली आणि हळूहळू उघड्या समुद्रात उतरणाऱ्या साध्या डायव्हरपर्यंत पोचली.

ती किक जवळून पाहू. पालथं निजल्यासारखं आडवं व्हायचं. मांड्या धडाच्या रेषेत, गुडघे जवळपास काटकोनात वाकलेले, त्यामुळे पोटऱ्या वर आणि फिनची पाती पाठीच्याही वरच्या पातळीला, सपाट. आता घोटे बाहेर वळवायचे, असे की दोन्ही तळवे मागच्या बाजूला आणि किंचित आत पाहू लागतील. नवशिका चुकतो तो इथे. तो गुडघे फाकवतो, घोटे तसेच ठेवतो. पातं कडेनं पाणी कापत जातं आणि काहीच घडत नाही. घोटे नीट वळले की पातं पाणी धरतं, पायाला ओझं लागतं, ते ओझं लागल्याशिवाय पुढे जायचं नाही. मग पाय बाहेरून मागे आणि मागून आत असे कमानीत फिरवत तळव्यापाशी तळवा आणायचा. शेवटच्या वीतभर अंतरात दोन पात्यांमधलं पाणी मागे फेकलं जातं आणि शरीर पुढे सरकतं.

यानंतर काही करायचं नाही. पाय जुळलेले, शरीर ताणलेलं, दोन-तीन सेकंद नुसतं घसरत जायचं. शिकवण्यात सर्वांत अवघड भाग हाच, कारण कामसू माणसाला स्वस्थ बसवत नाही. अर्धा सेकंद झाला की पुढची किक. फ्रॉग किकचा सगळा नफा या न केलेल्या कामात आहे. श्वास त्या लयीत बसतो, फेकलेलं पाणी मागे आणि जरा वर जातं, खालची वाळू हलत नाही. वेग मरायला आला की गुडघे सावकाश वाकवून पाय पुन्हा वर आणायचे. घाईनं आणले तर पाती ब्रेकसारखी लागतात आणि कमावलेलं अंतर तिथेच जातं.

फ्लटर किक, म्हणजे एक पाय वर एक पाय खाली अशी कात्रीसारखी चाल, या पुस्तिकेत मुद्दाम कमी पानांत आली आहे. ती वाईट नाही. प्रवाहातून नांगराच्या दोरीपर्यंत पोचायचं आहे, दमलेल्या बडीला, म्हणजे डाइव्हमधल्या जोडीदाराला, ओढत बोटीकडे न्यायचं आहे, तिथे हीच कामाला येते, कारण तिच्यात जोर अखंड राहतो. ती खुब्यातून मारायची, गुडघ्यातून नाही. गुडघा जरासा सैल, घोटा ढिला, फेरा लांब आणि सावकाश. पोटरी धरली तर ज्या पायाला पेटका आला त्या फिनचं टोक पकडून स्वतःकडे ओढायचं आणि गुडघा सरळ करायचा. हे बोटीवर बसल्या बसल्या आधी करून पाहिलेलं बरं.

डायव्हर मुरलेला आहे की नाही हे ओळखायचं असेल तर तो पुढे कसा जातो ते पाहू नका, मागे येता येतं का ते पाहा. बॅक किकमध्ये पाय मागे लांब करून पंजे नडगीकडे ओढायचे, घोटे बाहेर वळवायचे आणि पात्याच्या वरच्या अंगानं पाणी धरून टाचा स्वतःकडे खेचायच्या. पहिले काही दिवस माणूस जागेवर थरथरतो, एवढंच होतं. मग एखाद्या दिवशी वीतभर मागे सरकतो. हे नुसतं कसब म्हणून शिकायचं नाही. प्रवाळात एखादा समुद्री घोडा दिसतो, माणूस जवळ जातो, आणि परत फिरायला जागा नसते. बॅक किक न येणारा अशा वेळी हातानं प्रवाळ धरतो किंवा वळताना पायानं ठोकर मारतो. जागेवर गोल फिरायला हेलिकॉप्टर टर्न आहे: एका पायाच्या घोट्यानं अर्धी फ्रॉग किक, दुसऱ्यानं अर्धी बॅक किक. बॅक किक आली की ही शिकवावी लागत नाही.

आपल्या किनाऱ्याला हे सगळं जरा जास्तच लागू आहे. मालवणच्या समोरचा समुद्र उथळ, नद्या-खाड्यांचा गाळ घेऊन बसलेला. पावसाळ्यात डाइव्हिंग बंद असतं, पण नंतरही स्वच्छ दिवस मोजून मिळतात. अंदमानात किंवा लक्षद्वीपला गाळ उडवणाऱ्याला लोक नावं ठेवतील, पण डाइव्ह होईल. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास कमी दृश्यमानतेच्या दिवशी एकानं तळाशी पाय आपटला की मागून येणाऱ्या चौघांची डाइव्ह संपली. आणि तळाशी असतं काय? मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं, ते इथल्या खडकांवर असलेल्या प्रवाळासकट सगळ्या समुद्री जीवांसाठी. पोराइट्ससारखा गोळाकार वाढणारा प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. गाळाच्या पाण्यात तो आधीच कसाबसा जगतो. वर बसलेला गाळ झटकायला त्याला शक्ती खर्चावी लागते. डायव्हरकडून प्रवाळाला जे धक्के बसतात त्यांतले सर्वाधिक फिनचे असतात, हे ठिकठिकाणच्या अभ्यासांत दिसलेलं आहे. हाताकडे बघता येतं. फिन आपल्या मागे असते, आणि पायापेक्षा हातभर लांब असते, हे माणूस विसरतो. विजयदुर्गपासून सुमारे १०५ किलोमीटर आत समुद्रात आंग्रिया बँक नावाचं बुडालेलं पठार आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं. तिथला प्रवाळ आजवर माणसांपासून दूर राहिला तो अंतरामुळे. उद्या तिथे बोटी जाऊ लागल्या, तर सोबत कसे पाय न्यायचे याचा विचार आजच केलेला बरा.

आता फिनकडे येऊ. पहिली निवड टाचेची. टाच झाकणारी फिन अनवाणी पायात घालतात; हलकी, स्वस्त, बोटीवरून उडी मारणाऱ्याला सोयीची. उघड्या टाचेची फिन बुटावर घालतात आणि पट्ट्यानं आवळतात. कोकणात मी दुसरीच घ्या म्हणेन. खडक, कालवं, किनाऱ्यावरची तापलेली वाळू, बोटीची निसरडी फळी, सगळीकडे बूट लागतो. मात्र फिन घ्यायला जाताना बूट घेऊनच जा. नुसत्या पायाला बसलेली फिन बुटाला बसत नाही. बोटं आखडता कामा नयेत, आणि पाय झटकला तर पातं घोट्याबरोबर हललं पाहिजे, घोट्यानंतर नव्हे. रबरी पट्ट्याऐवजी स्टीलच्या स्प्रिंगचा पट्टा थोडा महाग पडतो, पण तुटत नाही आणि आवळत बसावं लागत नाही. फिनमध्ये एकच चैन करायची असेल तर ही करा.

दुसरी निवड वजनाची, आणि इथे परदेशी सल्ला आंधळेपणानं घेऊ नये. जेट फिनसारखी जड रबरी फिन थंड पाण्याच्या देशांत सगळे सुचवतात, कारण तिथे डायव्हर ड्रायसूट घालतो. त्या सूटमधली हवा पायांकडे पळते, पाय वर उचलले जातात, जड फिन त्यांना खाली धरते. आपल्याकडे पाणी कोमट, अंगात ३ मिलिमीटरचा सूट किंवा नुसता लायक्राचा. इथे त्याच फिन काही जणांचे पाय खाली ओढतात, आणि ज्याचे पाय आधीच लोंबतात त्याचं काम आणखी बिघडतं. दुसऱ्या बाजूनं, ॲल्युमिनियमचा सिलिंडर रिकामा होत आला की तरंगू पाहतो, तेव्हा काहींना पायांत थोडं वजन बरं वाटतं. म्हणून दहा सेकंदांची ती चाचणी दोन्ही प्रकारच्या फिन घालून करा. उत्तर तिथेच मिळेल.

कडकपणाबद्दल एवढंच, की पातं फ्रॉग किकमध्ये वाकून पाणी सांडणारं नको आणि पोटरी फोडणारंही नको. बांध्यानं लहान माणसाला, विशेषतः मुलींना, भाड्याच्या ढिगातून उरलेली मोठी कडक जोडी दिली जाते आणि मग त्यांना किक जमत नाही असा शेरा मारला जातो. हे थांबायला हवं. मधोमध चिरलेल्या स्प्लिट फिन १९९० च्या दशकाच्या शेवटी आल्या आणि गुडघे दुखणाऱ्यांना खरोखर उपयोगी पडल्या. सरळ पोहताना त्या हलक्या लागतात, पण बॅक किकमध्ये पातं पाणी धरतच नाही. गुडघ्याचा त्रास असेल तर जरूर घ्या, नाहीतर नको. फ्रीडायव्हिंगच्या लांब कार्बन फिन स्कूबाला घालणाऱ्याशी मी वाद घालत नाही, फक्त त्याच्या मागून पोहत नाही.

बाकीच्या गोष्टी पुढच्या पानांत आहेत: फिन घालून बोटीवर चालू नये, शिडी हातात आल्याशिवाय फिन काढू नये, गोड्या पाण्यानं धुवाव्यात, आणि टोकावर उभ्या करून ठेवू नयेत, पाती वाकतात.

शेवटी दोन विनंत्या. पहिली मालवण, तारकर्ली, देवबाग आणि गोव्याकडच्या प्रशिक्षकांना. पर्यटकाला सिलिंडरला धरून खाली फिरवून आणताना त्याच्या पायांत पुष्कळदा फिन नसतातच, आणि तेवढ्या वेळापुरतं ते सुरक्षितही असतं. पण तुमच्या स्वतःच्या पायांत असतात, आणि पहिल्यांदा पाण्याखाली गेलेला माणूस तुमच्याकडेच पाहत असतो. तुम्ही तळापासून दोन हात वर राहून फ्रॉग किक मारलीत, तर त्याला तीच पद्धत वाटेल. दुसरी विनंती वाचणाऱ्यांना. ही पुस्तिका वाचून झाल्याबरोबर फिन विकत घेऊ नका. एक हंगाम भाड्याच्या फिनवर काढा, निदान तीन वेगळ्या जोड्या घालून पाहा, आणि बडीला सांगून बाजूनं स्वतःच्या किकचं मोबाइलवर चित्रण करून घ्या. ते चित्रण आणि बूट घेऊन मग दुकानात जा.